पुतळी, डुकाट आणि गिनी: युरोपच्या सोन्याच्या व्यापारी नाण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाणीसंग्राहकांना येणाऱ्या पत्रांत आणि व्हॉट्सअॅपवरच्या फोटोंखाली जे प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतात, ते इथे एकत्र केले आहेत. घरातल्या माळेत पुतळी सापडली म्हणून विचारणारे आहेत, तसे युरोपात नोकरी करताना पहिला डुकाट घेऊन बसलेलेही आहेत. ज्याला जे हवं ते त्याने वाचावं. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. व्यापारी नाणं म्हणजे काय? सगळीच नाणी व्यापारासाठी नसतात का?

रोजच्या व्यवहाराचं नाणं राजाच्या हुकमावर चालतं. त्यावर जी किंमत ठरवलेली असते ती राज्याच्या हद्दीत पाळली जाते, मग आतलं सोनं थोडं कमी असलं तरी चालतं. व्यापारी नाण्याला हद्दीबाहेर जायचं असतं. अलेक्झांड्रियाचा मिरीविक्या किंवा कालिकतचा सराफ व्हेनिसचा हुकूम मानत नाही, तो नाणं तराजूत टाकतो आणि कसाला लावतो. म्हणून अशा नाण्याचं वजन आणि कस शतकानुशतकं हलू द्यायचा नसतो, आणि चेहराही बदलायचा नसतो. फ्लॉरेन्सचा फ्लोरिन (१२५२ पासून), व्हेनिसचा डुकाट, हंगेरीचे डुकाट आणि डच डुकाट ही या घराण्यातली ठळक नावं. यांतल्या बऱ्याच नाण्यांवर किंमतीचा आकडाच नसतो, कारण किंमत त्या दिवशीचा बाजार ठरवायचा.

२. डुकाटचं वजन किती आणि सोनं किती शुद्ध?

सुमारे ३.४९ ग्रॅम, आणि शुद्धता हजारात ९८६. हे प्रमाण जर्मन साम्राज्याच्या १५५९ च्या नाणे-कायद्याने पक्कं झालं. व्हेनिसचं नाणं त्याहून शुद्ध, म्हणजे त्या काळी जितकं शुद्ध करता येई तितकं. १८१६ नंतरचे डच डुकाट किंचित खाली, ९८३ चे. व्यास साधारण २० ते २२ मिलिमीटर, आणि नाणं इतकं पातळ की पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला ते खोटंच वाटतं. आपल्या जुन्या ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याशी ताडून पाहिलं तर डुकाट तोळ्याच्या तीन-दशांशाला जवळजवळ तंतोतंत बसतो.

एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. विजयनगरचा वराह, म्हणजे तिथलं सोन्याचं नाणं, सुमारे ३.४ ग्रॅमचा. दक्षिणेच्या बाजारात डुकाट आला तेव्हा सराफाला त्यासाठी डोकं खाजवावं लागलं नसेल.

३. आमच्याकडे म्हणतात ती पुतळी आणि व्हेनिसचं नाणं एकच का?

मूळ तेच. व्हेनिसच्या महासभेने १२८४ मध्ये, जोव्हानी दांदोलो हा दोजे म्हणजे राज्यप्रमुख असताना, हे नाणं पाडायचं ठरवलं. एका बाजूला संत मार्क उभा आहे, त्याच्यापुढे गुडघे टेकलेला दोजे आहे आणि दोघांच्या मधे निशाणाची काठी. दुसऱ्या बाजूला लंबगोल प्रभावळीत ताऱ्यांमधे उभा येशू. हे चित्र १७९७ मध्ये नेपोलियनपुढे प्रजासत्ताक संपेपर्यंत जवळजवळ जसंच्या तसं राहिलं. पाचशे वर्षं एकच मुखडा ठेवण्यात व्हेनिसवाल्यांचा आळस नव्हता. पूर्वेकडच्या गिऱ्हाइकाला ओळखीचं नाणंच हवं असे, आणि नक्षी बदलली की भाव उतरे.

मिरी, सुंठ, कापड युरोपला हवं होतं, आणि त्याच्या बदल्यात देण्यासारखा माल युरोपकडे थोडा होता. म्हणून सोनं-चांदी तांबड्या समुद्रातून पश्चिम किनाऱ्यावर उतरत राहिली. नाण्यावर दोन आकृत्या दिसल्या आणि आपल्याकडे तिला पुतळी म्हणू लागले. तमिळ मुलखात त्याच चित्रात निशाणाची काठी म्हणजे ताडाचं झाड आणि संत म्हणजे ताडी काढणारा शाणार असं लोकांनी पाहिलं, आणि नाण्याला शाणार काशु नाव दिलं. पेशवाईच्या कागदांत होन आणि मोहरांच्या बरोबरीने पुतळ्या येतात. पुढे पुतळ्यांची माळ हा दागिनाच झाला, आणि त्यासाठी इथल्या सोनारांनी पुतळ्या घडवायला सुरुवात केली. आज दुकानात मिळणाऱ्या हारातल्या पुतळ्या म्हणजे पातळ पत्र्यावर ठसा मारलेल्या, बहुधा लक्ष्मीच्या किंवा राम-सीतेच्या. त्यांचा व्हेनिसशी संबंध फक्त नावापुरता उरला आहे.

४. आजीच्या माळेतली पुतळी अस्सल व्हेनिसची आहे की इथे घडवलेली, कसं ओळखायचं?

आधी अक्षरं पाहा, चित्र नंतर. अस्सल नाण्यावर डाव्या कडेला वरून खाली संत मार्कचं नाव, उजवीकडे दोजेचं नाव, आणि काठीलगत एकाखाली एक डी, व्ही, एक्स ही तीन रोमन अक्षरं असतात. मागे येशूभोवती लॅटिन ओळ फिरते, तिचा अर्थ ‘ख्रिस्ता, ज्यावर तुझी सत्ता आहे ती ही डची (दोजेचं राज्य) तुला अर्पण’ असा आहे. इथल्या सोनाराला रोमन लिपी येत नव्हती, त्यामुळे त्याच्या हातून अक्षरांची नक्षी झाली आहे: उभ्या रेघा, गोल, मधेच उलटं अक्षर. भिंगाखाली हे लगेच दिसतं.

मग आकृत्या. अस्सल नाण्यात दोजेच्या डोक्यावर शिंगासारखी टोपी असते आणि तो गुडघ्यावर असतो. नकलेत तो बऱ्याचदा उभाच राहतो, कधी दोघांना मुकुट येतो, काठीला फांद्या फुटतात. शेवटी वजन करा. कडी नसलेलं अस्सल नाणं ३.४ ते ३.५ ग्रॅमच्या आसपास भरतं. त्याच्या खूप खाली आलं तर एक तर नक्कल, नाहीतर कडा कातरलेली.

वजन बरोबर आणि अक्षरं मात्र बिघडलेली, असंही सापडतं. त्यासाठी पुढचा प्रश्न पाहा.

५. नक्कल निघाली. मग ती फक्त सोन्याच्या भावाचीच ना?

नाही, आणि या छंदातली सगळ्यात गोड भानगड इथेच आहे. फसवायला केलेलं खोटं नाणं वेगळं आणि चालावं म्हणून केलेली नक्कल वेगळी. व्हेनिसच्या डुकाटची नक्कल ऱ्होड्स बेटावरच्या सेंट जॉनच्या सरदारांनी केली, खिओस बेटावरच्या जेनोव्हावाल्यांनी केली. त्यांनी सोनं चांगलंच घातलं, फक्त मुखडा उसना घेतला, कारण बाजारात तोच चालत होता. इजिप्तच्या मामलूक सुलतान बार्सबायने १४२५ मध्ये अश्रफी पाडली ती डुकाटच्या वजनाची. पुढे ऑटोमन सुलतानी आली तीही त्याच मापाची. त्यांनी चित्र घेतलं नाही, वजन घेतलं.

संग्राहकाच्या दृष्टीने ऱ्होड्सची नक्कल अस्सल व्हेनिसपेक्षा दुर्मिळ असते आणि महागही जाते. आपल्याकडच्या जुन्या पुतळ्यांनाही आता वेगळे गिऱ्हाईक आहेत, खास करून अक्षरांची नक्षी झालेल्या, जाड, हाताने ठोकलेल्या नगांना. तेव्हा नक्कल आहे हे कळल्यावर ‘कोणी केली, कुठे केली आणि कोणाच्या बाजारासाठी केली’ हे विचारावं. माझ्या मते या नाण्यांचा इतिहास तिथूनच उलगडतो, आणि नुसती अस्सल नाणी जमवणारा अर्धा मजा सोडून देतो. गेल्या पन्नासेक वर्षांत विकण्यासाठी साच्यातून काढलेलं खोटं नाणं मात्र यात धरायचं नाही. ते कसं पकडायचं ते प्रश्न १० मध्ये.

६. व्हेनिसच्या नाण्यावर साल नसतं. मग काळ कसा ठरवणार?

दोजेच्या नावावरून. पावोलो रेनिएर असेल तर १७७९ ते १७८९, लुदोव्हिको मानिन असेल तर १७८९ ते १७९७. मानिन हा शेवटचा, आणि त्याची नाणी भरपूर मिळतात.

अडचण येते ती आल्व्हिसे मोचेनिगो या नावाशी. या नावाचे चार दोजे झाले: १५७०–७७, १७००–०९, १७२२–३२ आणि १७६३–७८. नाण्यावर मोचेनिगो दिसलं म्हणून विक्रेता सरळ १५७० लिहून मोकळा होतो, कारण जुनं म्हटलं की भाव चढतो. अक्षरांची घडण, आकृत्यांची सफाई, ताऱ्यांची मांडणी यांवरून जाणकार फरक करतात. तुम्हाला तो करता येत नसेल तर सगळ्यात नंतरचा धरून किंमत द्या.

आणखी एक अपवाद आहे. दोजेच्या जागी फ्रान्सिस दुसरा याचं नाव असलेलं नाणं दिसलं तर दचकू नका. १७९७ नंतर व्हेनिस ऑस्ट्रियाकडे गेलं तेव्हा सम्राटाने जुन्याच नक्षीत स्वतःचं नाव घालून नाणं चालू ठेवलं.

७. हातात तलवार घेतलेला चिलखती सरदार असलेलं नाणं कोणतं?

डच डुकाट. १५८६ पासून नेदरलँड्सच्या वेगवेगळ्या प्रांतांनी हे एकाच नक्षीत पाडलं. सरदाराच्या एका हातात तलवार आणि दुसऱ्यात बाणांचा जुडगा असतो, बाण म्हणजे एकत्र आलेले प्रांत. भोवती लॅटिन ओळ आहे, ‘एकीने लहान गोष्टी वाढतात’ अशा अर्थाची. मागच्या बाजूला चौकटीत पाच ओळींचा मजकूर असतो, त्यात हे नाणं साम्राज्याच्या कायद्याप्रमाणे (प्रश्न २) आहे असं सांगितलेलं असतं. ती चौकट म्हणजे हमीपत्रच. साल सरदाराच्या दोन्ही बाजूंना वाटून लिहिलेलं असतं, आणि प्रांताची खूण पुढच्या ओळीच्या शेवटी: हॉलंड, उट्रेख्त, झीलंड, वेस्ट फ्रीसलंड वगैरे. सालं आणि प्रांत जुळवत गेलं तर या एका नाण्यावर आख्खा संग्रह उभा राहतो.

डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हे डुकाटही पूर्वेकडे आले. कोकणात वेंगुर्ल्याला १६३७ पासून त्यांची वखार होती. तिची पडकी इमारत अजून पाहायला मिळते.

नेदरलँड्सची टांकसाळ हा डुकाट आजही पाडते, अर्थात संग्राहकांसाठी.

८. डच डुकाट रशियात पाडला होता हे खरं का?

खरं. सेंट पीटर्सबर्गच्या टांकसाळीने डच डुकाट गुपचूप पाडले, लष्कराचे पगार आणि परदेशातले खर्च भागवायला. रशियाच्या सरकारी कागदांत त्याचा उल्लेख ‘ओळखीचं नाणं’ असा आडून केलेला आहे. डच सरकारने तक्रार केल्यावर १८६८ मध्ये हा उद्योग थांबला. सोनं पुरेपूर असल्यामुळे घेणाऱ्याचं काही नुकसान झालं नाही, म्हणून हे नाणं प्रश्न ५ मधल्या नकलांच्या पंगतीत बसतं.

पोलंडची गोष्ट वेगळी. १८३१ मध्ये रशियाविरुद्धच्या उठावात वॉर्साच्या टांकसाळीने तोच डच डुकाट पाडला, आणि त्यावर टांकसाळीच्या खुणेच्या जागी एक लहानसा गरुड घातला. १८३१ चा डच डुकाट हाती आला तर आधी भिंग काढून तो गरुड शोधा. गरुड असेल तर किंमत बरीच वेगळी होते.

९. ऑस्ट्रियाचे १९१५ चे डुकाट इतके स्वस्त आणि इतके चकचकीत कसे?

कारण ते १९१५ चे नसतात. सम्राट फ्रान्झ योझेफचं चित्र आणि १९१५ हे साल कायम ठेवून व्हिएन्नाची टांकसाळ ते आजतागायत पाडते आहे. यात फसवणूक नाही, टांकसाळ उघडपणे तसं सांगते. एक डुकाट ३.४९ ग्रॅमचा, चार डुकाटचं नाणं १३.९६ ग्रॅमचं आणि जवळजवळ चाळीस मिलिमीटर रुंद. बाल्कन देशांत बायका हे मोठं नाणं गळ्यात घालत, म्हणजे पुतळ्यांच्या माळेची चुलत बहीण म्हणा.

सोनं म्हणून घ्यायला हे उत्तम आहेत. जुनं नाणं म्हणून कोणी चढा भाव मागत असेल तर हात जोडून निघून या. खरोखर जुनं हवं असेल तर १९१४ किंवा त्याआधीचं साल पाहा.

१०. खोटं नाणं घरच्या घरी पकडता येतं का?

बरंचसं येतं. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा, व्हर्नियर कॅलिपर आणि दहापट भिंग, एवढं पुरे. वजन आणि व्यास दोन्ही बरोबर असतील आणि जाडी जास्त असेल, तर आतला धातू हलका आहे हे उघड.

पाण्यातली तपासणी अशी करतात: काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करायचा, मग नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात लोंबतं सोडायचं, तळाला टेकू द्यायचं नाही. काटा जो आकडा दाखवतो त्याने नाण्याच्या वजनाला भागलं की घनता मिळते. ९८६ च्या सोन्याची घनता सुमारे १९, म्हणजे डुकाट पाण्यात ०.१८ ग्रॅम दाखवेल. २२ कॅरेटचं तेवढंच नाणं ०.२०, आणि पितळेचं ०.४० च्या वर. पितळ आणि सोनं यांत गोंधळ होणं शक्यच नाही. ९८६ आणि २२ कॅरेट यांच्यात फक्त दोन शतांशांचा फरक आहे, त्यामुळे हजारावा भाग दाखवणारा काटा असल्याशिवाय त्यावर शपथ घेऊ नका. नाण्याला चिकटलेला हवेचा एक बुडबुडाही हिशोब बिघडवतो.

साच्यातून ओतलेल्या नाण्याच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रं आणि कडेला घासल्याची खूण दिसते. एकाच विक्रेत्याच्या दोन नाण्यांवर अगदी एकाच जागी एकच ओरखडा असेल, तर दोन्ही परत करा.

११. सराफाने यंत्रावर टंच काढला, ९० टक्केच आला. नाणं खोटं का?

लगेच तसं म्हणू नका. किरणांचं यंत्र वरचा पातळ थर वाचतं. दागिन्यात वापरलेल्या नाण्यावर कडी जोडताना लावलेला मिश्रधातू वितळून पसरलेला असतो, आणि तिथे आकडा खाली येतो. कडीपासून दूर, दोन्ही बाजूंना, तीन-चार ठिकाणी टंच काढायला सांगा. सगळीकडे ९० आला तर मात्र ते डुकाट नव्हे. पुतळी असेल तर इथे घडवलेली असण्याची शक्यता मोठी (प्रश्न ४).

कसोटीच्या दगडावर नाणं घासू देऊ नका. आतला धातू पाहायला छिन्नी तर मुळीच मारू देऊ नका. सराफाला ते सोनं दिसतं आणि त्याच्या धंद्यात ते बरोबरच आहे.

१२. कडी लावलेलं किंवा भोक पाडलेलं नाणं घ्यावं का?

आपल्याकडे आलेल्या जुन्या नाण्यांपैकी बहुतेक गळ्यातच राहिली, त्यामुळे कडीचा डाग नसलेलं नाणं शोधत बसलात तर हाती फार काही लागणार नाही. जागतिक बाजारात कडीचं नाणं निम्म्या किमतीला किंवा त्याहून खाली जातं. पण दुर्मिळ दोजेचं नाणं परवडण्याचा तो एकमेव रस्ता असू शकतो. वाईट ते भोक बुजवून, वर नक्षी कोरून, पॉलिश करून अखंड म्हणून विकलेलं. कडेला बाराच्या ठोक्याला आणि सहाच्या ठोक्याला भिंगाने बघायची सवय लावा.

कडी असलेलं घरचं नाणं असेल तर कडी काढू नका. आजी-पणजीने घातलेली माळ म्हणून ती गोष्टच वेगळी आहे, आणि काढल्याने नाण्याची प्रत सुधारत नाही.

१३. साफ करू का?

नको. सोनं काळं पडत नाही. तेलकट मळ असेल तर साध्या पाण्यात बुडवून मऊ कापडावर टिपा, घासू नका. सोनाराकडून उजळून घेतलेलं नाणं संग्राहक लांबूनच ओळखतो.

१४. आमच्याकडे गिनी आहे. ती यात धरायची का?

आपण जिला गिनी म्हणतो ती बहुतेक वेळा इंग्लंडची सॉव्हरिन असते: ७.९९ ग्रॅम, २२ कॅरेट, १८१७ पासून, आणि बहुतेकांच्या मागे घोड्यावरचा सेंट जॉर्ज. काटेकोर बोलायचं तर ते इंग्लंडचं चलनी नाणं, पण जगभर फिरलं ते व्यापारी नाण्यासारखंच.

मराठी संग्राहकाने एक सॉव्हरिन मुद्दाम पाहून ठेवावी. १९१८ मध्ये रॉयल मिंटची शाखा मुंबईत होती आणि तिथे सॉव्हरिन पाडली गेली, सुमारे तेरा लाख नग. जमिनीच्या रेघेवर, सालाच्या वर मधोमध, इंग्रजी आय हे लहानसं अक्षर असतं. ही फक्त त्याच एका सालची. त्याच वर्षी मुंबईत पंधरा रुपयांची सोन्याची मोहरही पाडली, वजन आणि कस सॉव्हरिनचाच. सॉव्हरिनच्या खोट्या प्रती मात्र अमाप आहेत, त्यामुळे प्रश्न १० मधली सगळी तपासणी इथे दुप्पट काळजीने करा. २२ कॅरेटची घनता सुमारे १७.६ धरायची.

१५. नवा आहे. पहिलं नाणं कोणतं घेऊ?

उट्रेख्त किंवा हॉलंड प्रांताचा अठराव्या शतकातला डच डुकाट. त्यावर साल आहे, प्रांत आहे, मजकूर वाचता येतो, आणि किंमत सोन्याच्या भावापासून फार दूर पळालेली नसते. १७२४ चा उट्रेख्तचा डुकाट त्यातल्या त्यात सहज मिळतो. १७२५ मध्ये आकेरेन्दाम हे डच ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज नॉर्वेच्या रुंडे बेटापाशी फुटलं, १९७२ मध्ये पाणबुड्यांना त्याचा खजिना सापडला. सुमारे ५७ हजार नाणी निघाली, त्यात सोन्याची सहा हजारांहून जास्त. समुद्रात अडीचशे वर्षं राहूनही सोनं जसंच्या तसं निघतं. फुटलेल्या जहाजातलं नाणं म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर कागद दाखवायला सांगा, कागद नसेल तर तो साधा १७२४ चा डुकाट.

दुसरं घ्यायचं झालं तर क्रेमनित्साचा. आताच्या स्लोव्हाकियातली ही टांकसाळ १३२८ पासूनची. तिच्या नाण्यांवर के आणि बी ही दोन अक्षरं असतात, आणि जुन्या नाण्यांवर परशू घेतलेला संत लादिस्लाऊस. व्हेनिसचा नंतरसाठी ठेवा, कारण तो ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो.

नद्यांच्या सोन्याचे डुकाट म्हणून बव्हेरियाचा एक प्रकार आहे, डॅन्यूब, इन आणि ईसार यांच्या वाळूतून धुऊन काढलेल्या सोन्याचे, नाण्यावर नदीचं नाव. ते विकत घेण्याचं स्वप्न बघायला पैसे पडत नाहीत.

१६. स्लॅबमधलं नाणंच घ्यावं का?

महागडं घेत असाल तर होय. एनजीसी आणि पीसीजीएस या संस्था नाणं तपासून, प्रत ठरवून प्लास्टिकच्या कवचात बंद करतात. साध्या डुकाटसाठी तो खर्च वाया. स्लॅबच्याही नकला निघाल्या आहेत, म्हणून त्यावरचा क्रमांक संस्थेच्या साइटवर टाकून फोटो जुळवा.

१७. सोन्याची जुनी नाणी घरात ठेवायला परवाना लागतो का?

लागत नाही. ही भीती जुन्या पिढीकडून आलेली आहे: १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा तेव्हा खरंच कडक होता, पण तो १९९० मध्ये रद्द झाला. पैसे कुठून आले हे दाखवता यायला हवं, म्हणून पावती किंवा वारसाचा कागद जपा.

एक बारकावा. आयकर खात्याच्या १९९४ च्या सूचनेत झडतीच्या वेळी विवाहितेचे ५०० ग्रॅम, अविवाहितेचे २५० ग्रॅम आणि पुरुषाचे १०० ग्रॅम दागिने जप्त करू नयेत असं आहे. ही सूचना दागिन्यांना आहे. पुतळ्यांची माळ दागिना, सुटे डुकाट दागिना नव्हेत.

१८. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं परदेशातल्या लिलावात पाठवू शकतो का?

नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं, आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. नाणं व्हेनिसचं असलं तरी इथे आहे म्हणून कायदा लागू. मुलाला भेटायला अमेरिकेला जाताना पर्समधे टाकलेली जुनी पुतळीही यात येते. देशातल्या देशात विकायला हरकत नाही, मात्र अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. तो त्याच्याकडे आहे का, विचारा.

१९. शेत नांगरताना सोन्याची नाणी सापडली. आपलीच ना?

आधी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे, आणि दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गाडलेलं धन त्यात येतं, म्हणजे सोन्याचं कुठलंही नाणं. कळवल्यावर सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा वाटा कायद्याने ठरतो. लपवलं तर वाटाही जातो आणि शिक्षाही होते. नाणी वाटून घेऊ नका, धुऊ नका, ज्या भांड्यात होती ते भांडंही ठेवा. कोणती नाणी एकत्र गाडलेली होती यावरून ती कधी गाडली हे कळतं.

२०. मी युरोपात राहते. तिथे घेऊन भारतात आणलं तर?

घेताना करातला फरक लक्षात ठेवा. युरोपीय संघात १८०० नंतर पाडलेलं, ९०० किंवा त्याहून शुद्ध, कधीतरी कायदेशीर चलन असलेलं आणि सोन्याच्या किमतीपेक्षा ८० टक्क्यांहून जास्त महाग नसलेलं नाणं गुंतवणुकीचं सोनं मानतात, त्यावर व्हॅट नाही. १९१५ चा ऑस्ट्रियन डुकाट त्यात बसतो. मानिनचं व्हेनिसचं नाणं (प्रश्न ६) तीन-चार वर्षांनी हुकतं.

भारतात उतरताना, परदेशी राहणाऱ्यांना दागिन्यांवर मिळणारी सवलत नाण्यांना नाही. नाणी जाहीर करून शुल्क भरावं लागतं. टपालाने मागवण्याआधी सीमाशुल्काचं काम करणाऱ्या दलालाशी बोला. इटलीसारख्या देशातून जुनी नाणी बाहेर काढायला तिथला परवाना लागू शकतो, तो विक्रेत्याने काढून द्यायचा. आणि एकदा शंभर वर्षांहून जुनं नाणं इथे आलं की परत नेताना प्रश्न १८ आडवा येतो. संग्रह कायमचा कुठे राहणार, हे आधी ठरवा.

२१. विकायचं आहे. सराफ मोडीच्या भावाने मागतोय.

तो मोडीचाच भाव सांगणार, वर घटही धरणार. झवेरी बाजारात असो की लक्ष्मी रोडला, नाणं म्हणून किंमत करणं हे त्याचं काम नाही. आधी सोन्याची किंमत स्वतः काढा: वजन गुणिले शुद्धता गुणिले आजचा २४ कॅरेटचा ग्रॅमचा भाव. डुकाटमध्ये शुद्ध सोनं ३.४४ ग्रॅम, सॉव्हरिनमध्ये ७.३२ ग्रॅम. १९१५ चा डुकाट आणि नेहमीच्या सालची सॉव्हरिन या आकड्याच्या आसपासच जाणार, त्यांना सराफ चालेल. बाकी कुठलंही नाणं आधी परवानाधारक नाणे-लिलाववाल्याला दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो, वजन, व्यास यांसह दाखवा.

नाणी ओळखायला शिकायचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. तिथे जाऊन नाणी पाहून या, पण भाव विचारू नका, ते त्यांचं काम नाही.